चुंबकीय दिक्पात व हवाई मार्गनिर्देशन

चुंबकीय दिक्पात : होकायंत्राची सूची दर्शविते ती उत्तर दिशा व भौगोलिक (खरी) उत्तर दिशा यांमधील कोनास चुंबकीय दिक्पात म्हणतात. सूची खऱ्या उत्तरेच्या पूर्वेस वळलेली असल्यास दिक्पात पूर्व व पश्चिमेस वळलेली असल्यास पश्चिम समजतात. समान दिक्पात असणारी ठिकाणे जोडणाऱ्या रेषांना समदिक्पात रेषा म्हणतात. दिक्पात स्थलपरत्वे बदलतो, तसाच कालपरत्वेही बदलतो. लंडन येथे १५८० मध्ये तो सु. ११° पूर्व होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो सु. २४° पश्चिम झाला आणि २०१९ मध्ये ग्रिनिच येथे शून्यावर आला. भूगर्भातील द्रवरूप लोहयुक्त गाभ्यातील हालचाली हे या दीर्घकालिक बदलाचे कारण होय. त्यामुळे दिक्पात एकदा मोजून भागत नाही. तो सतत मोजावा लागतो.

विमानाचा मार्ग नकाशावर खऱ्या उत्तरेच्या संदर्भात आखतात. होकायंत्र मात्र चुंबकीय दिशा दाखविते. म्हणून खऱ्या दिशेच्या अंशांत पश्चिम दिक्पात मिळवितात व पूर्व दिक्पात वजा करतात. उदा., खरी दिशा ९०° व दिक्पात १०° पश्चिम असल्यास चुंबकीय दिशा १००° येते. विमानातील पोलाद व विद्युत् मंडले यांमुळे सूचीत येणारा दोष वेगळा असून त्याला विचलन म्हणतात. विमान जमिनीवर निरनिराळ्या दिशांना वळवून हे विचलन मोजतात व त्याचे कोष्टक होकायंत्राजवळ लावतात. दिशेत केवळ एक अंशाची चूक राहिली, तरी ३०० किमी. अंतरानंतर विमान मार्गापासून सु. ५ किमी. दूर गेलेले असते. सह्याद्रीसारख्या डोंगररांगेवर ढग दाटलेले असताना हे अंतर प्राणघातक ठरू शकते.

स्थानिक खडकांमुळेही सूची ढळते. रत्नागिरी जिल्ह्यातील पोफळी हे गाव सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी असून तेथे कोयना जलविद्युत् प्रकल्पाचे भूमिगत वीजगृह बेसाल्ट खडकात कोरलेले आहे. १९६२ मध्ये तेथे वीजनिर्मिती सुरू झाली. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइटासारखी चुंबकीय खनिजे असतात. त्यामुळे अशा कातळावर ठेवलेल्या होकायंत्रात काही अंशांपर्यंत चूक येऊ शकते, तर जनित्रे व प्रबल विद्युत् प्रवाह यांच्या सान्निध्यात त्यावर विसंबताच येत नाही. खडकांचा हा स्थानिक परिणाम उंचीबरोबर झपाट्याने कमी होतो. म्हणून त्याच डोंगरावरून उंच जाणाऱ्या विमानाला मुख्यतः गाभ्यातून निर्माण होणाऱ्या क्षेत्राचाच विचार करावा लागतो. हे क्षेत्र अचूक मोजण्यासाठी लोह व विद्युत् प्रवाह यांपासून दूर असलेली वेधशाळा आवश्यक असते.

पश्चिम भारतात हे काम मुंबईच्या कुलाबा वेधशाळेने केले. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापन केलेल्या या वेधशाळेत १८४१ पासून भूचुंबकीय निरीक्षणे होऊ लागली. सप्टेंबर १८५९ मधील प्रचंड चुंबकीय वादळाची नोंद येथे झाली असून त्या वेळी क्षैतिज चुंबकीय तीव्रता सु. १,६०० नॅनोटेस्लांनी घटल्याचे या नोंदीवरून दिसते. नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस हे १८९६ मध्ये या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतील ट्राम विजेवर चालविण्याचे ठरले, तेव्हा या निरीक्षणमालेवर संकट आले. रुळांवाटे परतणारा व जमिनीत पाझरणारा विद्युत् प्रवाह सूक्ष्म नोंदी निरुपयोगी करणार होता. शहराची गरज टाळता येण्याजोगी नव्हती. पण खंड पडलेली निरीक्षणमाला पुन्हा भरून काढणेही अशक्य होते. मूस यांनी अलिबाग येथे चुंबकीय वेधशाळा उभारली. तिच्या बांधकामात पोरबंदरचा अचुंबकीय दगड वापरला व लोखंड कटाक्षाने टाळले. एप्रिल १९०४ ते मार्च १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा व अलिबाग येथे एकाच वेळी नोंदी घेण्यात आल्या. या तुलनेमुळे दोन्ही ठिकाणच्या मूल्यांतील फरक कळला आणि जुनी मालिका नव्या जागी जोडता आली. विजेची ट्राम १९०७ मध्ये सुरू झाली व १९६४ मध्ये बंद पडली. अलिबागच्या नोंदी मात्र पुढेही चालू राहिल्या.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी पस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर टपाल आणले. नेव्हिल विन्सेंट यांनी ते पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. त्या विमानात रेडिओ नव्हता; नकाशा, होकायंत्र व खालच्या भूमीच्या ओळखीच्या खुणा हेच आधार होते. मुंबई परिसरातील दिक्पात या काळात शून्याच्या जवळपास असल्याने येथील वैमानिकांना दुरुस्ती अल्प करावी लागे. पण ती अल्प आहे, हेही मोजणीनेच कळले होते.

कृत्रिम उपग्रहांवर आधारित मार्गनिर्देशन रूढ झाल्यावरही दिक्पाताचे महत्त्व संपलेले नाही. धावपट्टीचा क्रमांक बहुधा तिच्या चुंबकीय दिशेवरून ठरतो. मुंबईच्या मुख्य धावपट्टीचा ०९/२७ हा क्रमांक सु. ९०° व २७०° या दिशा सुचवितो. अमेरिकेतील टँपा येथे दिक्पात बदलल्यामुळे २०११ मध्ये धावपट्ट्यांचे क्रमांक बदलावे लागले. जागतिक चुंबकीय प्रतिमान दर पाच वर्षांनी नव्याने तयार करतात. उत्तर चुंबकीय ध्रुवाच्या जलद स्थलांतरामुळे २०१५ च्या प्रतिमानात मुदतीपूर्वीच, फेब्रुवारी २०१९ मध्ये, सुधारणा करावी लागली. अशा प्रतिमानांना उपग्रहांबरोबरच भूपृष्ठावरील वेधशाळांच्या नोंदींचाही आधार असतो. कुलाबा-अलिबागची परंपरा १९७१ पासून भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे असून संस्थेचे मुख्यालय नवीन पनवेल येथे आहे.