डोंगरावरचा 'मॅनी'

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, सदरलँड परगण्यात, गोल्स्पी नावाचे एक गाव आहे. एक लांबलचक रस्ता, दोन्ही बाजूंना दगडी घरे, पुढे समुद्र आणि मागे बेन ब्रॅगी नावाचा डोंगर. उंची ३९७ मीटर, म्हणजे सह्याद्रीच्या हिशेबात टेकडीच. गावातून निघायचे, रेल्वे मागे टाकायची, झाडीतून चढत माथा गाठायचा आणि दुसऱ्या वाटेने जंगलातून पुन्हा गावात उतरायचे. तीनेक तासांची ही गोल फेरी. तिला प्रदक्षिणा म्हणण्याचा मोह होतो. पण माथ्यावर जो उभा आहे, त्याला प्रदक्षिणा घालावी असे फारसे कुणाला वाटत नाही.

माथ्यावर एक पुतळा आहे. चबुतरा धरून साधारण शंभर फूट उंचीचा. किनाऱ्यावरून येताना मैलोन्‌मैल आधी दिसू लागतो. हा पहिला ड्यूक ऑफ सदरलँड. १८३३ मध्ये तो वारला आणि १८३७ मध्ये हा पुतळा उभा राहिला. शोकाकुल आणि कृतज्ञ कुळांनी आपल्या न्यायी, दयाळू जमीनदारासाठी तो उभारला, अशा अर्थाचा मजकूर खाली कोरलेला आहे. गावातले लोक मात्र त्याला नुसते 'मॅनी' म्हणतात. मॅनी म्हणजे छोटा माणूस! शंभर फुटांच्या पुतळ्याला असे नाव ठेवणारी माणसे मला फार आवडली.

ही कुळे कोण होती, ते सांगायला हवे. सदरलँडची वतनदारी खरे तर ड्यूकच्या बायकोची. एलिझाबेथ एक वर्षाची असताना, १७६६ मध्ये, हा मुलूख तिच्या नावावर आला. १७८५ मध्ये तिचे लग्न इंग्लंडमधल्या एका गर्भश्रीमंत घराण्यात झाले. बायकोची जमीन आणि नवऱ्याचा पैसा एकत्र आला, आणि 'सुधारणा' सुरू झाल्या. हा शब्द मी अवतरणात टाकतो, पण तो त्यांचाच आहे. त्यांचा मुख्य कारभारी जेम्स लॉक याने १८२० मध्ये या सुधारणांवर एक आख्खे पुस्तक लिहिले.

सुधारणा कसली? आतल्या खोऱ्यांत गेलिक बोलणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. थोडी गुरे, थोडे ओट, बटाटे. खंड जेमतेम. त्याच जमिनीवर शेव्हियट जातीच्या मेंढ्या सोडल्या, तर लोकरीचे आणि खंडाचे उत्पन्न कितीतरी जास्त. म्हणून माणसे किनाऱ्यावर हलवायची, त्यांना हातभर जमीन द्यायची आणि मासेमारी शिका म्हणायचे. ज्यांनी आयुष्यात होडी हाकली नव्हती, त्यांना! १८०७ पासून पुढे चौदा-पंधरा वर्षे हे चालले.

यातली सर्वांत कुप्रसिद्ध घटना १८१४ ची, स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यातली. पॅट्रिक सेलर हा इस्टेटीचा कारभारी, आणि कुळे हलल्यावर त्या जमिनीवर मेंढ्या पाळण्याचा मक्ताही त्याच्याच नावाचा. म्हणजे घर खाली करवून घेणारा तोच आणि खाली झालेले घेणारा तोच. आधी मार्चमध्ये रानातले गवत-झुडूप जाळले गेले, म्हणजे गुरांना चारा उरला नाही. जूनमध्ये घरांची पाळी आली. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. त्या उघड्या-बोडक्या मुलखात झाडे दुर्मीळ. घराच्या भिंती माती-दगडाच्या, त्या पुन्हा रचता येतात. खरी दौलत म्हणजे छपराचे वासे. माणसे घर सोडताना वासे खांद्यावर घेऊन जात. वासे जाळले की परतण्याची वाटच बंद. एका घरात मार्गारेट मॅके नावाची, शंभरीच्या घरातली, अंथरुणाला खिळलेली बाई होती. घर पेटले तेव्हा तिला बाहेर काढले गेले. पाच दिवसांनी ती मेली.

सेलरवर १८१६ मध्ये इनव्हरनेसला खटला चालला. पंचांमध्ये जमीनदारांचा भरणा. तो निर्दोष सुटला. त्याला अटक करणाऱ्या अधिकाऱ्यालाच पुढे नोकरी सोडून माफी मागावी लागली. असे निकाल ऐकायला स्कॉटलंडला जावे लागत नाही, हे वेगळे.

या लोकांची बाजू कागदावर आणली ती डोनाल्ड मॅक्लाउड या स्ट्रॅथनेव्हरच्या पाथरवटाने. त्याचे काही आकडे इतिहासकारांना फुगवलेले वाटतात, आणि ते तपासायलाच हवेत. पण लॉकसाहेबांच्या जाडजूड ग्रंथात ज्याची नोंद नाही, ते धुराचे लोट त्याने लिहून ठेवले. 'अंकल टॉम्स केबिन'ची लेखिका हॅरिएट बीचर स्टो सदरलँडांची पाहुणी होऊन गेली आणि आपल्या प्रवासवर्णनात तिने त्यांची बाजू घेतली. तिच्या 'सनी मेमरीज'ला मॅक्लाउडने उत्तर दिले 'ग्लूमी मेमरीज' या नावाने. गुलामांची कैवारी बाई इथे मेजवानीच्या टेबलाशी फसली, असे माझे मत.

आपल्या देशाचाही एक धागा इथे आहे. याच मुलखातून १७९९ मध्ये ९३ वी हायलँडर्स पलटण उभारली गेली होती. १८५७ च्या नोव्हेंबरात लखनौच्या सिकंदरबागेवर जी पलटण तुटून पडली, ती हीच. ज्या मुलखाची खोरी रिकामी झाली, त्याच्या नावाची पलटण दुसऱ्यांचा मुलूख साम्राज्यासाठी जिंकत होती.

माथ्यावर वारा असा की टोपी हातात धरावी लागते. पुतळ्याची पाठ रिकाम्या झालेल्या खोऱ्यांकडे आणि तोंड समुद्राकडे. १९९४ मध्ये तो पाडण्याची परवानगी मागितली गेली होती, मिळाली नाही. २०११ मध्ये चबुतऱ्याचे काही दगड कुणीतरी उपसलेले आढळले. तो पाडावा असे मला वाटत नाही. 'कृतज्ञ कुळे' हे शब्द दगडात वाचायला मिळणे यासारखा पुरावा दुसरा नाही.

उतरताना मी ज्या जमिनीवरून चालत होतो, तिथे चालायला कुणाची परवानगी घ्यावी लागत नाही. २००३ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये खासगी डोंगर-माळावरूनही जबाबदारीने फिरण्याचा हक्क सर्वांना आहे. त्याआधी, १८८६ मध्ये, तिथल्या छोट्या कुळांना जमिनीवर टिकून राहण्याचे संरक्षण मिळाले; आपल्या कूळकायद्याची आठवण व्हावी असे. स्ट्रॅथनेव्हर रिकामे होऊन तोवर सत्तर वर्षे झाली होती.

गोल्स्पीहून किनाऱ्याने उत्तरेला गेले की हेल्म्सडेल लागते. शेजारच्या किल्डोनन खोऱ्यातली माणसे १८१३ मध्ये कॅनडातल्या रेड नदीकाठी गेली, तिथे आज विनिपेग शहर आहे. त्यांच्या स्मरणार्थ हेल्म्सडेलला २००७ मध्ये एक शिल्प बसवले: बाप, मुलगा, आणि कडेवर तान्हे मूल घेतलेली आई. तसेच शिल्प विनिपेगमध्येही आहे. बाप पुढे बघतो आहे. आई मान वळवून खोऱ्याकडे.