ऑफ-रोड मोटारसायकल शर्यत : खडतर मार्गाची आखणी कशी होते?

पुणे : डोंगर, वाळवंट आणि कोरड्या नदीपात्रांतून शेकडो किलोमीटर धावणाऱ्या मोटारसायकल शर्यतींत स्वाराच्या कौशल्याइतकेच महत्त्व मार्गाच्या आखणीला असते. मार्ग किती अवघड ठेवायचा, हा आखणी करणाऱ्यांपुढील नंतरचा प्रश्न. स्वार कोसळल्यास त्याच्यापर्यंत मदत किती वेळात पोहोचेल आणि शर्यत सुरू असताना मार्गावर बाहेरचे कोणी येणार नाही याची खात्री कशी करायची, हे दोन प्रश्न आधी सोडवावे लागतात.

शर्यतींचे प्रकार

कच्च्या मार्गावरील मोटारसायकल क्रीडेचे ढोबळमानाने तीन प्रकार मानले जातात. सुपरक्रॉससाठी स्टेडियममध्ये बाहेरून माती आणून छोटा गोलाकार मार्ग उभारला जातो. इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी २८ जानेवारी २०२४ रोजी पुण्यात बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात झाली, ती याच स्वरूपाची होती. एंड्युरोमध्ये नैसर्गिक भूभागावरून ठरलेल्या वेळापत्रकानुसार दीर्घकाळ वाहन चालवावे लागते. रॅली-रेड हा तिसरा प्रकार अनेक दिवस चालतो आणि त्यात स्वाराला वाटही स्वतःच शोधावी लागते.

एंड्युरोची परंपरा शतकाहून जुनी आहे. इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायल ही स्पर्धा १९१३ मध्ये इंग्लंडमधील कार्लाइल येथे सुरू झाली. १९८१ पासून तिच्या नावात ‘ट्रायल’ऐवजी ‘एंड्युरो’ हा शब्द आला. रॅली-रेडमधील सर्वांत प्रसिद्ध डाकार रॅली थिएरी साबिन यांनी सुरू केली. तिची पहिली तुकडी २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसहून निघाली. सुरक्षेच्या कारणास्तव २००८ ची स्पर्धा रद्द झाल्यानंतर २००९ पासून ती दक्षिण अमेरिकेत आणि २०२० पासून सौदी अरेबियात भरते.

आखणीचे टप्पे

नकाशे व उपग्रहचित्रांवरून संभाव्य मार्ग निवडल्यानंतर पाहणी पथक तो प्रत्यक्ष पालथा घालते. दिवसाच्या मार्गाचे दोन भाग केले जातात. वेळ मोजून शर्यत होते तो ‘विशेष टप्पा’. तेथवर नेणारा आणि परत आणणारा रस्ता हा ‘जोडमार्ग’. जोडमार्गावर स्वारांना वाहतुकीचे सर्वसाधारण नियम पाळावे लागतात.

पाहणीतून ‘रोडबुक’ तयार होते. कागदाच्या या गुंडाळीवर प्रत्येक नोंदीचे तीन रकाने असतात : अंतर, वळणाचे रेखाचित्र आणि सूचना. धोक्याची तीव्रता एक, दोन किंवा तीन उद्गारचिन्हांनी दर्शवतात. स्वाराला ठरावीक बिंदूंना स्पर्श करून पुढे जावे लागते. बिंदू चुकल्यास वेळेचा दंड बसतो. रोडबुकमधील एखादे उद्गारचिन्ह राहून गेले, तर त्याची किंमत भरधाव येणाऱ्या स्वाराला मोजावी लागते. म्हणूनच मार्ग तयार झाल्यावर दुसऱ्या पथकाकडून तो पुन्हा तपासून घेण्याची पद्धत आहे.

इंधनाच्या टाकीची क्षमताही मार्गाला आकार देते. रॅलीच्या मोटारसायकलींसाठी साधारण २५० किलोमीटरच्या आत इंधनथांबा ठेवावा लागतो. तेथील सक्तीच्या विश्रांतीचा वेळ शर्यतीच्या वेळेत धरला जात नाही. वस्तीजवळ वेगमर्यादेचे पट्टे आखले जातात आणि उपग्रहाधारित यंत्रणा त्यांचे उल्लंघन नोंदवते.

मदतीचे अंतर

सर्व तयारीनंतरही जोखीम उरतेच. हीरो मोटोस्पोर्ट्स संघाचे पोर्तुगीज स्वार पाउलो गोन्साल्विस यांचा १२ जानेवारी २०२० रोजी डाकारच्या सातव्या टप्प्यात मृत्यू झाला. सूचना मिळाल्यापासून आठ मिनिटांत हेलिकॉप्टर त्यांच्यापर्यंत पोहोचले होते. पुढील वर्षीपासून मोटारसायकलस्वारांना हवेने फुगणारे संरक्षक जाकीट सक्तीचे झाले, तर धोक्याच्या ठिकाणांआधी ध्वनिसूचना देण्याची व्यवस्था आली. २०२१ च्याच स्पर्धेत भारताचे सी. एस. संतोष यांना गंभीर अपघात झाला आणि त्यांना हवाईमार्गे रियाधच्या रुग्णालयात हलवावे लागले.

संतोष हे २०१५ मध्ये डाकार पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. त्यांचा क्रमांक ३६ वा होता. केरळचे हरिथ नोआ यांनी २०२४ मध्ये ‘रॅली २’ गटाचे विजेतेपद मिळवून एकूण क्रमवारीत अकरावे स्थान पटकावले. त्याच वर्षी हीरो संघाचे बोट्स्वानाचे स्वार रॉस ब्रँच दुसरे आले.

भारतातील अनुभव

देशात १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘रेड द हिमालय’ने दीर्घ पल्ल्याच्या मार्गआखणीचा पाया घातला. साडेचार हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे ४० टक्क्यांनी कमी असतो. इंजिनाची ताकद घटते आणि स्वाराला धाप लागते. अचानक बर्फ पडल्यास खिंड बंद होते, त्यामुळे टप्पा लहान करण्याचा किंवा वळवण्याचा पर्याय आधीच हाताशी ठेवावा लागतो. राजस्थानातील ‘डेझर्ट स्टॉर्म’मध्ये अडचण वेगळी. तिथे वाळूचे आणि दिशा हरवण्याचे आव्हान असते.

दाट वस्तीच्या देशात मार्ग बंद ठेवणे हे सर्वांत कठीण काम ठरते. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानच्या बाडमेर जिल्ह्यात राष्ट्रीय मोटार रॅलीच्या बंद टप्प्यावर एक मोटारसायकल आली आणि स्पर्धक कारशी झालेल्या धडकेत तिच्यावरील एकाच कुटुंबातील तिघांचा मृत्यू झाला. शर्यतीसाठी बंद केलेली वाट ही गावकऱ्यांची शेताची, शाळेची आणि बाजाराची वाट असते. म्हणून प्रत्येक फाट्यावर माणूस उभा करणे, गावोगाव दवंडी देणे आणि टप्प्यापूर्वी निरीक्षण वाहन फिरवणे ही कामे मार्गआखणीचाच भाग समजली पाहिजेत.

महाराष्ट्राचा संदर्भ

महाराष्ट्रात या खेळाला जुना चाहतावर्ग आहे. मुंबई परिसरातील चिखलात होणारी मान्सून स्कूटर रॅली आणि नाशिकची ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ ही त्याची उदाहरणे. उद्योगाचा पायाही येथेच आहे. २००१ ते २०१९ या काळात झालेल्या सर्व १८ डाकार स्पर्धांतील मोटारसायकल गट जिंकणाऱ्या केटीएममध्ये पुण्याच्या बजाज ऑटोने २००७ मध्ये गुंतवणूक केली आणि चाकणच्या कारखान्यात त्या मोटारसायकलींचे उत्पादन सुरू झाले.

मात्र सह्याद्रीचे कातळसडे मोकळे माळ दिसत असले, तरी ते मोकळे मैदान नव्हेत. जांभ्या खडकावरील मातीचा थर अत्यंत पातळ असतो. टायरने तो उखडला की पावसाच्या पाण्याने घळी पडतात आणि तेथील वनस्पती पुन्हा रुजणे अवघड होते. कास पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी हे भाग २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले आहेत. अशा क्षेत्रांपेक्षा वापरात नसलेल्या खाणी, पडीक जमिनी आणि खासगी शेतजमिनींवरील कायमस्वरूपी मार्ग अधिक योग्य ठरतात. ऑस्ट्रियातील एर्झबर्गची विख्यात हार्ड एंड्युरो शर्यत १९९५ पासून लोहखनिजाच्या खाणीतच होते.

परवानगीची चौकट

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार राज्य सरकारच्या लेखी संमतीविना सार्वजनिक ठिकाणी शर्यत किंवा वेगाची चाचणी घेणे हा गुन्हा आहे. अधिकृत स्पर्धांना एफएमएससीआय या राष्ट्रीय महासंघाची मान्यता आवश्यक असते. वनजमिनीसाठी वनखात्याची आणि मार्गातील गावांसाठी स्थानिक प्रशासनाची परवानगी घ्यावी लागते. समाजमाध्यमांवर मार्ग जाहीर करून सुटीच्या दिवशी डोंगरात गाड्या घालणारे हौशी गट या चौकटीबाहेर राहतात. त्यांच्याकडे ना रुग्णवाहिका असते, ना बंद केलेला रस्ता.