तीन स्टेशनांवरचं माथेरान

स्मरणिकेसाठी 'काहीतरी इतिहासावर लिहा' असा निरोप संपादक मंडळाकडून आला तेव्हा सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सहलीचा वाद रंगात आला होता. केरळ म्हणणारे एका बाजूला, व्हिएतनाम म्हणणारे दुसऱ्या बाजूला. बी विंगमधल्या एका तरुण दांपत्याने नुकतीच 'सात रात्री आठ दिवस' अशी परदेशवारी केली होती. ती कशी झाली असं विचारल्यावर सूनबाई म्हणाल्या, "काका, छान झाली, पण आता आठ दिवस झोपायला हवेत." त्यावरून मला आपल्या आजी-आजोबांच्या तोंडचा एक शब्द आठवला : हवापालट. सहल वेगळी, यात्रा वेगळी आणि हवापालट वेगळा. हवापालटाला गेलेल्या माणसाकडून कोणी 'काय काय पाहिलं?' असं विचारत नसे. 'तब्येत कशी आहे आता?' एवढंच विचारत.

आपल्या गच्चीवरून चंदेरीचा सुळका दिसतो. त्याच रांगेत पुढे माथेरानचं सपाट पठार आहे. बदलापूरहून वांगणी, शेलू आणि मग नेरळ. जेमतेम अर्ध्या तासाचा लोकल प्रवास. मुंबई इलाख्यात हवापालटाची सवय ज्या दोन-चार ठिकाणांनी लावली, त्यांतलं हे एक इतकं उशाशी आहे. म्हणून त्याचीच हकीकत सांगतो.

१८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट चौकच्या बाजूने या डोंगरावर चढून गेले. पुस्तकांत याला माथेरानचा 'शोध' म्हणतात. आता ठाकर, कातकरी आणि धनगर मंडळी तिथे पिढ्यान् पिढ्या वावरत होती, डोंगराला नाव होतं, पायवाटा होत्या, पिसरनाथाचं ठाणं होतं. तेव्हा शोध कुणी कुणाचा लावला हे वाचकांनीच ठरवावं. मॅलेटसाहेबांचं श्रेय एवढंच, पण ते खरं आहे, की खाली कोकणात अंगाची लाही होत असताना अडीच हजार फुटांवर दाट झाडी, जांभ्याची तांबडी माती आणि गार वारा आहे, हे त्यांनी सरकारदरबारी पोचवलं. त्यांच्या नावाचा झरा आजही तिथे दाखवतात. पुढे लॉर्ड एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर असताना (१८५३ ते १८६०) वस्तीला आकार आला. बंगले उठले आणि कड्यांना लुईझा, पॅनोरमा, अलेक्झांडर अशी नावं पडली.

तरी हे सगळं आगगाडीवाचून जमलं नसतं. १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला धावली. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला आले आणि १८५६ साली आपल्या बदलापुरावरून, नेरळवरून खोपोलीपर्यंत गेले. घोडे बदलण्याचं ठिकाण म्हणून बदलापूर असं नाव पडलं म्हणतात. त्या गावावरून आता साहेब घोडा न बदलता पुढे जाऊ लागला! बोरीबंदरला सकाळी गाडीत बसायचं, नेरळला उतरायचं आणि तिथून घोडा, पालखी नाहीतर स्वतःचे पाय. कलकत्त्याच्या साहेबाला दार्जिलिंग गाठायला किती यातायात होती ते पाहिलं, म्हणजे मुंबईकर साहेबाचं नशीब कळतं. सुट्टी जवळ आली की ती छोटीही घेता येते. ही सोय इकडे प्रथम रेल्वेने केली.

सुरुवातीला ही चैन साहेबांची. नंतर पारशी, बोहरी, गुजराती शेटजींनी बंगले घेतले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला आणि शहर सोडून जाणाऱ्यांची रीघ लागली. मोकळी हवा हे तेव्हा खरोखरच औषध होतं, कारण दुसरं औषध फारसं हाती नव्हतं. डॉक्टर चिठ्ठीवर 'चेंज ऑफ एअर' लिहून देत. आमच्या लहानपणापर्यंत ती पद्धत थोडीफार शिल्लक होती.

आता गाडीची गोष्ट. ही मात्र सावकाश सांगायला हवी, कारण गाडीच सावकाश आहे. सर आदमजी पीरभॉय हे मुंबईचे बोहरी उद्योगपती. एकदा ते नेरळला उतरले, वर जायला वाहन मिळेना, परत फिरावं लागलं, आणि 'पुन्हा येईन तो माझ्या स्वतःच्या गाडीने' असं म्हणाले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका जशीच्या तशी घेऊ नये हे खरं, पण गाडी झाली हे सगळ्यांनी पाहिलं. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ मध्ये काम हाती घेतलं, पैसा वडिलांनी घातला, खर्च सोळा लाख रुपये. २२ मार्च १९०७ ला नेरळ-माथेरान मार्ग सुरू झाला. बार्शी लाइट रेल्वे बांधणारे एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांचा सल्ला होता. रूळ अवघे दोन फूट अंतराचे, चढ काही ठिकाणी वीस फुटांना एक फूट, आणि लांबी सुमारे एकवीस किलोमीटर.

मी बँकेत कर्जमंजुरी विभागात बरीच वर्षं काढली. त्यामुळे हा सोळा लाखांचा आकडा वाचला की हात आपोआप लाल पेनाकडे जातो. पावसाळ्यात बंद राहणारी, हंगामी गिऱ्हाइकांवर चालणारी आणि डब्यात मोजकी माणसं मावणारी गाडी! आमच्या पॅनेलपुढे हा प्रस्ताव आला असता तर दुसऱ्या मिनिटाला परत गेला असता. पीरभॉय पिता-पुत्रांनी तो मनावर घेतला म्हणून आज सव्वाशे वर्षांनंतरही आपण जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज ही नावं घेतो. वाटेत एकच बोगदा आहे. तो इतका आखूड, की साहेबांनी त्याचं नाव 'वन किस टनेल' ठेवलं. (ज्येष्ठ सभासदांनी याचा अनुभव असल्यास संपादकांकडे न कळवता स्वतःपाशीच ठेवावा.) एकवीस किलोमीटरला दोन तासांहून अधिक. ज्याला घाई आहे तो या गाडीत बसत नाही आणि बसला तर त्याची घाई वाटेतच उतरून जाते.

माथेरानचा इतिहास साहेब आणि शेटजींवर संपत नाही. आपल्याकडच्या मुलांना हे सांगितलं पाहिजे, की १ डिसेंबर १९१२ रोजी याच गावात, एका साध्या नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मले. शिकून वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. कर्जत भागातल्या शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, अडल्या शेतकऱ्यांसाठी धान्याची पेढी सुरू केली. पेढी म्हणजे बँकच, फक्त ठेव धान्याची. १९४२ च्या चळवळीत त्यांनी 'आझाद दस्ता' उभा केला. विजेच्या तारा वाहून नेणारे मनोरे पाडायचे, म्हणजे मुंबईचे कारखाने आणि रेल्वे थबकतील, हा त्यांचा हिशेब. सरकार हादरलं. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि त्यांचे तरुण सहकारी हिराजी पाटील हुतात्मा झाले. कोतवालांचं वय तीस. माथेरानच्या बाजारातून जाताना कोणता पॉइंट किती लांब एवढंच आपण विचारतो. हा मनुष्य इथला होता हे किती जणांना ठाऊक असतं?

स्वातंत्र्यानंतर डोंगर आमच्यासारख्यांना मोकळा झाला. १९६९ मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, नोकरदारांची संख्या वाढली, आणि बँका, सरकारी कार्यालयं, विमा कंपन्या यांनी हॉलिडे होम काढली. जुन्या बंगल्यातल्या दोन खोल्या, लोखंडी खाटा, रॉकेलचा स्टो आणि एक खानसामा. सोडतीत नंबर लागला तर चार दिवस मिळायचे. दुसरी सोय एलएफसीची. तिचं भाडं अंतरावर मिळायचं, म्हणून जितकं लांब तितकं चांगलं असा सगळ्या स्टाफचा समज. त्या हिशेबाने आम्ही १९८३ मध्ये सोळा दिवसांत कन्याकुमारीपर्यंत जाऊन आलो, आणि आल्यावर धाकट्याचं पोट बिघडलं म्हणून मी आणखी दोन दिवस रजा टाकली.

माथेरानचे चार दिवस मात्र एलएफसीच्या कुठल्याही प्रवासापेक्षा जास्त लक्षात आहेत. १९७८ चा एप्रिल. बरोबर आई होती, वय अडुसष्ट. गाडीतून उतरल्यावर हॉलिडे होम दीडेक किलोमीटर. माणसाने ओढायची रिक्षा समोर उभी राहिली, एक जण पुढे, दोघे मागे. आई म्हणाली, "अरे, त्याच्या छातीचा भाता बघ कसा चाललाय. मी नाही बसायची." ट्रंक एका ठाकर बाईने डोक्यावर घेतली. आईने तिच्याशी गप्पा मारत, दर वळणावर सावलीत बसत ते अंतर दीड तासात काढलं आणि पोचल्यावर आधी तिला पाणी आणि लाडू दिला. पहिल्या दिवशी आम्ही नेमाने तीन पॉइंट केले. दुसऱ्या दिवशी एक, शार्लट तलावापर्यंत. तिसऱ्या दिवशी कोणीच कुठे गेलं नाही. माकडांनी पाव पळवला, त्यावर तासभर चर्चा झाली. आई ओसरीत तांदूळ निवडत बसली होती. मी दुपारी दोनला झोपलो तो पाचला उठलो, आणि उठल्यावर आज वार कोणता हे मला पटकन आठवेना. बँकेत रोज तारखेचा शिक्का मारणाऱ्या माणसाला हे सुख किती, हे त्या धंद्यातल्यालाच कळेल. परतल्यावर महिनाभर सगळ्यांच्या मोज्यांतून तांबडी माती निघत होती.

हे जमलं, कारण तिथे हॉर्न नव्हता. माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात, आत चालायचं किंवा घोड्यावर बसायचं. २००३ मध्ये केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला, त्यामुळे या शिस्तीला कायद्याचा आधार मिळाला. आपल्याला याचं काय, असं वाटेल. पण माथेरानच्या पूर्व उतारावरचं पाणी ओहोळांतून उल्हास नदीला मिळतं आणि उल्हास कर्जत, नेरळ करत आपल्या गावाला येते. तिचंच पाणी बॅरेजला अडवून आपल्या नळाला येतं. २६ जुलै २००५ ला हीच नदी कशी आली होती ते तळमजल्यावरच्या सभासदांना सांगायला नको. त्याच पावसाने माथेरानचे रूळ वाहून गेले आणि गाडी २००७ पर्यंत बंद होती. जुलै २०१९ मध्ये वांगणीच्या अलीकडे महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली. त्या पावसाळ्यातही डोंगरातल्या रुळांची दैना झाली, आणि नेरळहून थेट गाडी पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. वरची झाडी टिकते की जाते, याचा आपल्या पार्किंगशी असा सरळ संबंध आहे.

सध्या तिथे ई-रिक्षांवरून रण आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने ओढायच्या रिक्षा सहा महिन्यांत बंद करा आणि ओढणाऱ्यांचं पुनर्वसन करा, असा आदेश दिला. आई असती तर पेढे वाटले असते. ई-रिक्षा त्याच हातांना मिळाव्यात आणि मोजक्याच असाव्यात, असं माझं मत. गावात राहणाऱ्या माणसांना, शाळेच्या पोरांना, आजाऱ्यांना सोय हवीच. २०११ च्या जनगणनेत साडेचार हजारांच्या आतली ती वस्ती, आपल्या करमणुकीसाठी तिने का चालत राहावं? पण त्या निमित्ताने रस्ते रुंद झाले आणि खासगी मोटारी आत शिरल्या, तर मग माथेरानला जाण्यापेक्षा कल्याणच्या शिवाजी चौकात खुर्ची टाकून बसलेलं स्वस्त पडेल. घोडेवाल्यांची धास्ती आहे, तीही खोटी नाही. शनिवार-रविवारी दस्तुरीला मोटारींची रांग लागते. त्यात आपली आणखी दहा वाहनं नकोत.

म्हणून सहलीबाबत माझी सूचना समितीकडे लेखी दिली आहे. केरळ-व्हिएतनामवाल्यांनी खुशाल जावं, त्यांचा वेगळा ग्रुप करू. बाकीच्यांनी फेब्रुवारीत माथेरान, सोमवार ते गुरुवार, तीन रात्री. जाताना लोकलने नेरळ आणि पुढे छोटी गाडी. तिकिटं न मिळाल्यास दस्तुरीपर्यंत टॅक्सी. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी आधी सांगावं, त्यांची खोली बाजाराजवळची घेऊ. खर्च ज्याचा त्याने करायचा, सिंकिंग फंडाला हात लागणार नाही. नावं वॉचमनच्या केबिनमधल्या वहीत नोंदवावीत. पहिल्या दिवसाचा डबा घरचा आणावा, आणि पांढरे मोजे आणू नयेत.