कपाटाला ओएसबी बोर्ड चालतो का? सुतार बोलवण्याआधी हे वाचा

घराचं बांधकाम उरकलं की फर्निचरचा विषय निघतो. प्लायवूड परवडत नाही, पार्टिकल बोर्ड टिकत नाही, अशी बहुतेकांची अडचण. आता काही दुकानांत ओएसबी हा तिसरा पर्यायही मिळतो. लाकडाच्या चपट्या ढलप्या चिकटवून केलेला, पिवळसर दिसणारा बोर्ड. कपाटाला तो चालतो, पण सगळीकडे नाही.

ओएसबी म्हणजे ओरिएंटेड स्ट्रँड बोर्ड. लाकडाच्या लांबट पातळ ढलप्या वाळवून, त्यांना गोंद व थोडं मेण लावून गरम प्रेसमध्ये दाबतात. वरच्या आणि खालच्या थरातल्या ढलप्या बोर्डाच्या लांबीच्या दिशेने असतात, मधल्या आडव्या. त्यामुळे लांबीच्या दिशेने बोर्डाला ताकद जास्त. कपाटाची फळी आडवी कापली तर डब्यांच्या वजनाने लवकर वाकते. सुतार बोर्ड वाचवण्यासाठी कसाही तुकडा बसवतात, तिथे लक्ष ठेवा. जड सामान ठेवणार असाल तर १८ मिमी जाडी घ्या आणि दोन-अडीच फुटांवर मधे आधार द्या.

दुकानात नुसतं 'ओएसबी द्या' म्हणू नका. युरोपीय मानकानुसार याचे चार प्रकार आहेत. १ आणि २ कोरड्या जागेसाठी, ३ आणि ४ दमट हवेसाठी. आपल्याकडचा पावसाळा बघता ओएसबी ३ च मागा. बोर्डावर तसा शिक्का असतो, तो स्वतः बघा.

पण ओएसबी ३ म्हणजे वॉटरप्रूफ नव्हे. हवेतला दमटपणा तो सोसतो, साचलेलं पाणी नाही. पाणी शिरतं ते कापलेल्या कडेतून. कड एकदा फुगली की वाळल्यावरही पूर्ववत बसत नाही, मग शटर घासायला लागतं. म्हणून सिंकखाली, मोरीजवळ, पाणी पाझरणाऱ्या भिंतीला लागून हा बोर्ड नको. तिथे आयएस ७१० चं प्लायवूड किंवा सरळ कडाप्पा बरा. बेडरूममधलं कपाट, पुस्तकांचे कप्पे, दिवाणाचा बॉक्स, दुकानातली मांडणी यांना ओएसबी ठीक आहे. कपाट भिंतीपासून बोटभर पुढे आणि फरशीपासून चार इंच वर ठेवा.

सगळ्यात जास्त फसगत सनमाईकाच्या कामात होते. ओएसबीचा पृष्ठभाग खडबडीत असतो. पातळ सनमाईका थेट चिकटवला तर ढलप्यांचे उंचवटे वर दिसतात, काही ठिकाणी तो सुटतोही. आधी चांगलं घासून घ्यावं लागतं, किंवा वर पातळ प्लाय लावून मग सनमाईका. एकाच बाजूला लावला तर बोर्ड वाकू शकतो, आतल्या बाजूलाही काहीतरी लावाच. ही मजुरी धरली तर ओएसबी वाटतो तेवढा स्वस्त पडत नाही. दर्शनी दारांसाठी प्लाय आणि आतल्या फळ्यांसाठी ओएसबी, हा हिशेब आम्हाला जास्त पटतो.

स्क्रू पृष्ठभागात चांगला धरतो, कडेत कमी. कडेला आधी बारीक ड्रिल मारल्याशिवाय स्क्रू पिळू देऊ नका, ढलप्या फाटतात. प्रत्येक कापलेल्या कडेला, मागच्या न दिसणाऱ्या कडेलासुद्धा, सीलर किंवा ऑइलपेंटचे दोन हात द्या आणि पुढून लाकडी पट्टी मारा. वाळवीला हा बोर्ड इतर लाकडासारखाच. बसवण्याआधी वाळवीचं औषध मारून घ्या.

खरेदीआधी एक सोपी तपासणी करा. दुकानदाराकडून वीतभर तुकडा मागून घ्या, कडेची जाडी मोजा, रात्रभर बादलीत बुडवून सकाळी पुन्हा मोजा. दोन दुकानांचे तुकडे शेजारी ठेवले की फरक डोळ्यांनीच कळतो.

काम झाल्यावर उरलेले तुकडे चुलीत किंवा बंबात घालू नका. त्यात रासायनिक गोंद असतो आणि त्याचा धूर घरात बसणाऱ्यांच्या छातीत जातो.