17 रुग्ण, मग पाच लाख: श्रीलंका आणि मलेरिया

आज जरा समुद्र ओलांडून श्रीलंकेत जाऊया.

1934-35 मध्ये तिथे मलेरियाची अशी साथ आली की सुमारे 80 हजार माणसं दगावली. दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघरी डीडीटी फवारायला सुरुवात झाली आणि 1963 साली अख्ख्या देशात रुग्ण सापडले किती? फक्त 17! झालं की काम, असं वाटणारच. फवारणी थांबली, रक्ततपासणीही ढेपाळली. डास मात्र कुठेच गेले नव्हते. 1969 या एकाच वर्षात पाच लाखांहून जास्त लोक तापाने फणफणले.

तिथला शेवटचा स्थानिक रुग्ण सापडला थेट ऑक्टोबर 2012 मध्ये. म्हणजे मधली 40-45 वर्षं गेली, त्यात यादवी युद्धही झालं. 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने श्रीलंका मलेरियामुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं.

खरी गंमत इथून पुढे आहे. डास जन्मतः मलेरिया घेऊन येत नाही, तो रुग्णाच्या रक्तातून उचलतो. म्हणजे डास आहेतच, फक्त बाहेरून एक रुग्ण आला की पुरे. त्यात व्हायवॅक्सचा परजीवी यकृतात महिनोन्‌महिने दडून बसतो, त्यामुळे विमानतळावर ताप मोजून तो सापडत नाही. मग शांतिसेनेतून परतलेले सैनिक, परदेशी मजूर, भारतात तीर्थयात्रेला जाऊन आलेले भाविक, सगळ्यांवर लक्ष ठेवावं लागतं. आणि डॉक्टर? तरुण डॉक्टरांनी मलेरियाचा रुग्ण पाहिलेलाच नसतो. ताप म्हटला की आधी डेंग्यूची तपासणी! ‘परदेशात गेला होतात का?’ हा साधा प्रश्न राहून जातो. मला तर हीच सगळ्यात मोठी फट वाटते.

डिसेंबर 2018 मध्ये मोनरागला जिल्ह्यात तसं घडलंच. भारतातून आलेल्या एका मजुराकडून, डासामार्फत, एका स्थानिक माणसाला लागण झाली. लगेच आसपासच्या लोकांचं रक्त तपासलं, फवारणी केली. साखळी तिथेच तुटली.

त्याच्या आदल्याच वर्षी मन्नार बेटावर एक नवा डास सापडला होता, ॲनोफिलीस स्टीफेन्सी. मुंबईकरांनो, हा आपला जुना शेजारी बरं का! 1911 मध्ये बेंटली यांनी मुंबईतल्या मलेरियाचं मूळ विहिरींमधल्या याच डासात शोधलं होतं. मन्नारमध्येही तो विहिरींतच निघाला. मग तिथल्या विहिरींमध्ये अळ्या खाणारे मासे सोडले.