गळ, साहेब आणि कृष्णेच्या खोऱ्यातला मासा

वाईच्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत मत्स्याकार आहे. कृष्णेच्या पुराचे पाणी तिच्यावर दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावे, हा तिचा हेतू. अठराव्या शतकातील बांधणाऱ्यांनी माशाचा आकार असा कामाला लावला. याच कृष्णेच्या खोऱ्यातील एका माशाने पुढे इंग्रजांना गळ बांधण्याची विद्या नव्याने शिकावयास लावली. त्याविषयी हा धागा.

गळाने मासे धरण्याचा छंद साहेबाने आणला, हा समज आधी बाजूला ठेवू. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कारकीर्द ११२६–११३८) याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ असे प्रकरणच आहे. माशांच्या जाती, त्यांची आमिषे, काठी, दोर, गळ यांचा विचार त्यात येतो. राजाचा विनोद ग्रंथात आला. पोटासाठी गळ टाकणाऱ्या भोयाची विद्या त्याच्या हातातच राहिली.

तिचा एक शब्द मात्र शास्त्रात शिरला. कर्नल साईक्स याने १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतील महसीर माशाची शास्त्रीय नोंद केली आणि नाव ठेवले ‘खुद्री’. हे इथले बोलीतले नाव. आजही तो ‘टॉर खुद्री’च आहे. मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा कृष्णेला.

साहेब महसीरला भारतातला सॅल्मन म्हणत. (मुंबईच्या बाजारात हाच मान रावसाला मिळतो. सॅल्मन दोघेही नव्हेत. महसीर तर रोहू-कटल्याच्या कुळातला.) पण सॅल्मनसाठी आणलेले नाजूक गळ येथे चिरडून येऊ लागले. महसीरच्या जबड्यात दात नसतात. ते घशात असतात, आणि तोंड मिटतानाचा दाब विलक्षण. हेन्री सलिव्हन थॉमस याने १८७३ च्या ‘द रॉड इन इंडिया’ या पुस्तकात याची सविस्तर चर्चा केली आहे.

म्हणून दोराचे शेवटचे हात-दोन हात नव्याने जुळवावे लागले. टोकाला जाड पोलादी गळ. त्याच्या मागे धातूची चमचाकृती पाती, जी पाण्यात गरगरते व लहान माशाचा भास करते. पाती फिरली की दोरालाही पीळ पडतो, म्हणून मध्ये फिरती कडी. गाठ ओली करूनच आवळायची. कोरड्या गाठीत घर्षणाने दोर दुबळा होतो. पहिल्या हिसड्याला महसीर नेमकी अशीच गाठ शोधतो, असे वाटावे!

पुढची गोष्ट कमी रंजक, पण महत्त्वाची. धरणांनी नद्यांचे वाहते पाणी अडवले. महसीर घटू लागला, तेव्हा १९७० च्या दशकात लोणावळ्याला डॉ. चं. वि. कुलकर्णी यांच्या पुढाकाराने खुद्रीची कृत्रिम पैदास सुरू झाली. तेथील पिल्ले दूरवर, कावेरीतही सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा महसीर वेगळा, मोठ्या वशिंडाचा; २०१८ पासून तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. बाहेरून आलेल्या खुद्रीने त्याची जागा घेतली, असे अभ्यासक मानतात. कावेरीवर आज गळाला लागणारा महसीर बहुधा हाच, मराठी नावाचा असतो.