मनोरुग्णालयांपासून आपत्कालीन विभागापर्यंत

१/ १९५५ साली अमेरिकेतील राज्य सरकारांच्या मनोरुग्णालयांत सुमारे साडेपाच लाख रुग्ण होते. पुढील काही दशकांत ही रुग्णालये ओस पडली. आजार मात्र ओसरला नाही. तो आपत्कालीन विभागाच्या दाराशी कसा आला, याचा हा इतिहास.

२/ जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. १९४६ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाने तेथील दाटी, मारहाण व अनास्था छायाचित्रांसह चव्हाट्यावर आणली.

३/ १९५४ पासून क्लोरप्रोमाझिन हे औषध अमेरिकेत उपलब्ध झाले. तीव्र लक्षणे आटोक्यात येऊ लागली आणि रुग्ण घरी राहू शकेल, ही आशा बळावली.

४/ राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या भगिनी रोझमेरी १९४१ मधील लोबोटॉमीने कायमच्या परावलंबी झाल्या होत्या. केनेडींनी ३१ ऑक्टोबर १९६३ रोजी सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. प्रत्येक केंद्रात पाच सेवा अनिवार्य होत्या. त्यांतील एक होती चोवीस तासांची आपत्कालीन सेवा.

५/ तीन आठवड्यांनी केनेडींची हत्या झाली. मूळ कायद्यात इमारतींसाठी पैसा होता, कर्मचाऱ्यांसाठी नव्हता. ती तरतूद १९६५ मध्ये झाली. संकल्प सुमारे १,५०० केंद्रांचा होता. उभी राहिली जेमतेम निम्मी. १९८१ मध्ये रेगन प्रशासनाच्या काळात केंद्रीय निधी आटवून उरलेला राज्यांच्या हवाली करण्यात आला.

६/ दुसरीकडे, १९६५ च्या ‘मेडिकेड’ योजनेने मनोरुग्णालयांतील प्रौढांचा खर्च वगळला. त्यामुळे रुग्णांना तेथून बाहेर काढणे राज्यांच्या तिजोरीस सोयीचे ठरले.

७/ १९८६ च्या कायद्याने आपत्कालीन विभागात येणाऱ्या प्रत्येकाची, पैसे असोत वा नसोत, तपासणी करणे आणि प्रकृती स्थिर करणे रुग्णालयांवर बंधनकारक केले. इतर दारे बंद होत असताना हे एक दार कायद्यानेच उघडे राहिले.

८/ परंतु हा विभाग अपघात व हृदयविकारासाठी घडलेला. मानसिक उपचारांची खाट मिळेपर्यंत रुग्ण तेथेच तासन्‌तास, कधी अनेक दिवस अडकू लागले. या प्रकारास ‘बोर्डिंग’ असे नाव पडले. केवळ खाटा नाहीत म्हणून सक्तीने दाखल केलेल्यांना असे डांबून ठेवणे बेकायदा आहे, असा निर्णय २०१४ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला.

९/ आपत्कालीन विभागातील गर्दीचा दोष रुग्णांच्या माथी मारला जातो. इतिहास वेगळे सांगतो : जुने घर पाडले गेले, नवे अर्धवट राहिले आणि मधल्या उंबरठ्यावर माणसे तिष्ठत राहिली.